आयुक्त, तलाठी, ग्रामसेवक मतदानाने निवडले तर? नागपूरच्या वादापासून अमेरिकेच्या ‘क्लर्क’पर्यंत, समजून घ्या

२० जून २०२०. कोरोनाचा काळ. अंतर राखून बसता यावं म्हणून नागपूर महापालिकेची सर्वसाधारण सभा रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात भरली होती. सभा सुरू झाली, आवाज चढले आणि आयुक्त तुकाराम मुंढे उठून चालते झाले. आपल्यावर वैयक्तिक शेरेबाजी होतेय, असं त्यांचं म्हणणं होतं. महापौर संदीप जोशी त्यांना थांबायला सांगत राहिले, पण आयुक्त थांबले नाहीत.

त्यानंतरचे दोन महिने नागपुरात दुसरा विषय नव्हता. सोशल मीडियावर सरळ दोन तट पडले. एक म्हणे, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाला पाठ दाखवणारा अधिकारी कोण लागून गेला? दुसरा म्हणे, नियमाने काम करणारा एक माणूस आलाय, तर सगळे मिळून त्याच्या मागे लागलेत.

२६ ऑगस्टला मुंढेंच्या बदलीचा आदेश निघाला. जानेवारीच्या शेवटी ते नागपुरात रुजू झाले होते, म्हणजे जेमतेम सात महिने. त्यांनी शहर सोडलं तेव्हा समर्थकांनी त्यांच्या घराबाहेर गर्दी केली होती.

या भांडणात कोण बरोबर होतं, यावर नागपूरकर आजही चहाच्या टपरीवर वाद घालू शकतात. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे आणि तो फक्त मुंढे-जोशींपुरता नाही. गावाचा, शहराचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो ती माणसं आपण मत देऊन निवडावीत, की परीक्षा घेऊन सरकारने नेमावीत?

मान एकाचा, सही दुसऱ्याची

आधी हे समजून घ्यायला हवं की महाराष्ट्रातल्या महापालिकेत नक्की कोणाच्या हातात काय असतं.

महापौर शहराचा प्रथम नागरिक. पाहुणे आले की स्वागत त्यांनी करायचं, सभागृह त्यांनी चालवायचं. पण त्यांना तुम्ही-आम्ही थेट निवडत नाही. आपण नगरसेवक निवडतो आणि नगरसेवक महापौर निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी. त्यातही पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हे सोडतीने ठरतं.

आयुक्त राज्य सरकार नेमतं, बहुतेक वेळा आयएएस अधिकारी. कायद्याने महापालिकेची कार्यकारी सत्ता त्यांच्याकडे असते. अंदाजपत्रकाचा प्रस्ताव ते मांडतात, कर्मचारी त्यांच्या हाताखाली असतात, अतिक्रमण पाडायचं की नाही याचा आदेश तेच काढतात. मोठ्या कंत्राटांना १६ सदस्यांच्या स्थायी समितीची मंजुरी लागते आणि धोरण सभागृह ठरवतं. पण ठराव झाल्यावर तो अमलात आणणारा हात आयुक्तांचाच.

थोडक्यात, रस्त्यावर खड्डा पडला की लोक नगरसेवकाच्या घरी जातात. नगरसेवक झोनच्या सहायक आयुक्तांना फोन लावतो. आणि सहायक आयुक्त पाहतात आयुक्तांकडे. शिव्या खाणारा एक आणि खड्डा बुजवण्याचा आदेश देणारा दुसरा, अशी ही व्यवस्था आहे.

२०२० मध्ये त्यात आणखी एक पदर होता. महापालिकेत भाजपचं बहुमत होतं, १५१ पैकी १०८ नगरसेवक. राज्यात मात्र महाविकास आघाडीचं सरकार होतं. आयुक्त नेमणारे एका बाजूचे, सभागृह चालवणारे दुसऱ्या बाजूचे. स्मार्ट सिटी कंपनीचं मुख्य कार्यकारी अधिकारीपद मुंढेंनी अधिकार नसताना वापरलं, असा आरोप करत महापौरांनी पोलिसांत तक्रार दिली. मुंढेंनी आरोप फेटाळले. शहराचा महापौर शहराच्या आयुक्ताविरुद्ध पोलीस ठाण्यात जातो, हे चित्र व्यवस्थेतच कुठेतरी ताण असल्याशिवाय दिसत नाही.

मग सभागृहाने आयुक्तांना घरी का पाठवलं नाही?

पाठवता येतं. निदान कागदावर. महापालिका कायद्यात तरतूद आहे की एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी विरोधात मतदान केलं, तर राज्य सरकारने आयुक्तांना परत बोलवावं. नागपूरच्या १५१ चे पाच-अष्टमांश म्हणजे ९५. भाजपकडे १०८ होते. म्हणजे एकट्याच्या बळावर अविश्वास ठराव मंजूर होऊ शकला असता. त्याची वेळ यायच्या आधीच बदली झाली.

पण ठराव मंजूर झाला असता तरी? त्याचं उत्तर नवी मुंबईत मिळतं आणि तिथेही आयुक्त मुंढेच होते. २५ ऑक्टोबर २०१६ ला नवी मुंबईच्या सभागृहाने १११ पैकी १०४ मतांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. लागत होती ७०. एवढं होऊनही ते लगेच गेले नाहीत. बदली झाली मार्च २०१७ मध्ये, सरकारच्या सोयीने. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि इथे ससा कायम मंत्रालयाच्या हातात असतो.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. अधिकाऱ्याला हटवणं सरकारला मात्र फारसं अवघड जात नाही. महाराष्ट्रात २००५ पासून बदल्यांचा कायदा आहे. त्यानुसार एका पदावर साधारण तीन वर्षं मिळायला हवीत. अपवादात्मक परिस्थितीत, कारणं नोंदवून, मुदतीआधी बदली करता येते. प्रत्यक्षात अपवाद किती सहज सापडतो ते पाहा: मुंढे २००५ च्या तुकडीचे आयएएस, आणि नागपूर सुटलं तोवर त्यांच्या बदल्यांची संख्या नोकरीच्या वर्षांच्या जवळपास पोहोचली होती.

म्हणजे ‘नेमलेला अधिकारी कोणाला घाबरत नाही’ हे अर्धसत्य आहे. तो मतदाराला घाबरत नाही, बदलीला घाबरतो. निवडून आलेला माणूस मतदाराला घाबरतो. योगायोग असा की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संदीप जोशी नागपूर पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेसाठी उभे राहिले आणि भाजपच्या या बालेकिल्ल्यात काँग्रेसच्या अभिजित वंजारींकडून हरले. पराभवाची कारणं बरीच असतील. पण जोशींबद्दल काय वाटतं हे मतपेटीत टाकायची संधी नागपूरच्या पदवीधरांना मिळाली. मुंढेंबद्दल काय वाटतं हे सांगायला, बाजूने असो की विरोधात, फक्त हॅशटॅग होता.

ही रचना आली कुठून?

मुंबईतून, आणि तीही एका उधळपट्टीतून.

१८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त झाले. हो, ज्यांच्या नावाचं मार्केट आहे तेच. कामाचा झपाटा जबरदस्त. शहर साफ झालं, बाजार उभे राहिले. पण पैसा असा खर्च झाला की करदाते खवळले आणि मुंबईत त्यांच्याविरुद्ध मोठं आंदोलन उभं राहिलं. अनेकांची मागणी होती की कारभार एका माणसाच्या हातून काढून घ्या आणि समितीकडे द्या.

तेव्हा एक तरुण बॅरिस्टर उलटं बोलला. फिरोजशाह मेहता. त्यांचं म्हणणं होतं की दोष एकाच्या हाती काम देण्यात नाही, त्याच्यावर लक्ष ठेवणारं कोणी नसण्यात आहे. कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याकडेच असू द्या. पण त्याला जाब विचारणारं सभागृह करदात्यांनी निवडलेलं असू द्या. १८७२ च्या कायद्याने मुंबईत निवडून आलेले सदस्य आले आणि १८८८ च्या कायद्याने ही घडी पक्की केली. आज राज्यातल्या सगळ्या महापालिका याच साच्यातल्या आहेत. नागपूरला २०१२ पर्यंत ‘सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन अ‍ॅक्ट’ नावाचा स्वतःचा वेगळा कायदा होता. त्यानंतर तेही राज्याच्या सामाईक कायद्याखाली आलं.

मेहतांच्या युक्तिवादातला एक भाग लोक विसरतात. त्यांनी ‘अधिकारी नेमा’ एवढंच म्हटलं नव्हतं. ‘त्याला विचारणारे निवडा’ हे त्याच वाक्याचं दुसरं टोक होतं.

अमेरिकेत तर ‘क्लर्क’सुद्धा निवडून येतो

आपल्याकडे क्लर्क म्हटलं की फाइलींच्या ढिगाऱ्यामागे बसलेला, ‘उद्या या’ म्हणणारा बाबू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत काउंटी क्लर्क हे वजनदार पद आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा भाग. विवाह नोंदणी, जमिनीची कागदपत्रं आणि बऱ्याच ठिकाणी चक्क निवडणुका घेणं, ही या क्लर्कची कामं. आणि अनेक राज्यांत त्याला लोक मत देऊन निवडतात, पक्षाच्या तिकिटावर. सगळीकडे नाही. कित्येक शहरांत क्लर्क नेमलेलाच असतो आणि कुठली पद्धत बरी यावर तिथल्या गावांमध्ये अधूनमधून मतदानही होतं.

ही हौस आली एकोणिसाव्या शतकात. साध्या माणसाला कारभारात वाटा हवा, या लाटेत जमेल ती सगळी पदं मतपत्रिकेवर चढली. ऐकायला छानच आहे. पण अडचण कुठे येते ते दोन घटनांत दिसतं.

पहिली केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीची. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. तिथल्या निवडून आलेल्या क्लर्क किम डेव्हिस यांनी परवाने द्यायला नकार दिला, माझ्या धर्मश्रद्धेत बसत नाही म्हणून. त्यांना निलंबित करणारा वरिष्ठ कोणी नव्हताच, कारण त्या कोणाच्या नोकर नव्हत्या. शेवटी न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना काही दिवस तुरुंगात जावं लागलं. मतदारांनी त्यांना पदावरून काढलं ते २०१८ च्या निवडणुकीत, तीन वर्षांनी.

दुसरी कोलोरॅडोच्या मेसा काउंटीची. तिथल्या निवडून आलेल्या क्लर्क टीना पीटर्स यांच्यावर २०२० च्या निवडणुकीनंतर मतदान यंत्रणेपर्यंत बाहेरच्या माणसाला पोहोचू दिल्याचा खटला चालला. २०२४ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं आणि नऊ वर्षांची शिक्षा झाली. स्वतः पक्षाच्या तिकिटावर आलेल्या व्यक्तीनेच मतमोजणीची किल्ली सांभाळायची, या रचनेवर त्यानंतर बरीच चर्चा झाली. आपल्याकडे तहसीलदार, उपजिल्हाधिकारी निवडणूक अधिकारी म्हणून बसतात. त्यांच्यावरही पक्षपाताचे आरोप होतात, पण निदान त्यांचं स्वतःचं नाव मतपत्रिकेवर नसतं.

पीटर्स यांनी तुरुंग पाहिला, डेव्हिस निवडणूक हरल्या, म्हणजे व्यवस्था चाललीच असंही कोणी म्हणू शकेल. पण मधल्या काळात परवान्यासाठी खिडकीवर उभ्या असलेल्या जोडप्यांनी काय करायचं? दाखला हा हक्क आहे. तो कोणाच्या बहुमतावर अवलंबून असता कामा नये.

गावात तिसराच मार्ग होता: वारसा

महाराष्ट्राच्या खेड्यांनी ‘निवडलेला की नेमलेला’ हा प्रश्न शतकानुशतकं पाहिलाच नाही, कारण उत्तर जन्माने ठरत होतं. पाटील गावाचा प्रमुख, कुलकर्णी गावाचं दप्तर लिहिणारा. दोन्ही पदं वतनी, बापाकडून मुलाकडे जाणारी. जमीन कोणाची, सारा किती, थकबाकी कोणाकडे, हे सगळं कुलकर्ण्याच्या वहीत. आणि ती वही वाचता येणारी माणसं गावात मोजकी. अडाणी कुळाने त्या वहीतली नोंद खोटी आहे हे सिद्ध करायचं तरी कसं?

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद केलं आणि पगारी तलाठी नेमले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी पद निवडणुकीवर सोडलं नाही. नेमणुकीवर नेलं, आणि ते वेगवेगळ्या जातींतल्या लोकांना खुलं केलं. गावात मतदान घेतलं असतं तर ज्याची जमीन जास्त आणि घरं जास्त, त्याचाच माणूस बसला असता. दहा वर्षांनी, १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते महार वतनाच्या जाचाविरुद्ध. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं संपवली आणि १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्राने मुलकी पाटलांचं पद रद्द केलं.

विदर्भात चित्र थोडं वेगळं होतं. नागपूर भागात मालगुजारी होती आणि गावाचं दप्तर पटवाऱ्याकडे असायचं. म्हणून आजही नागपूर जिल्ह्यात जुनी माणसं तलाठ्याला ‘पटवारी’च म्हणतात. सरकारने २०२४ मध्ये पदाचं नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलंय, पण ते लोकांच्या तोंडी बसायला वेळ लागेल.

आज हे पद स्पर्धा परीक्षेने भरलं जातं. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्यातल्या गुणांवरून, पेपरफुटीच्या आरोपांवरून केवढा गदारोळ झाला हे परीक्षा देणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पण तक्रार ‘परीक्षा नीट घ्या’ अशी होती. ‘परीक्षा नको, मतदान घ्या’ असं त्या दहा लाखांपैकी कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. शेतमजुराच्या मुलीला कारभारात शिरायचा तोच एक दरवाजा आहे ज्यासाठी प्रचाराचा खर्च करावा लागत नाही.

आणि गावपातळीवर एक फार साधी, फार हुशार सोय आहे. ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे काढायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांची सही लागते. एक निवडून आलेला, एक जिल्हा परिषदेने नेमलेला. सरपंचाला मनमानी करायची तर ग्रामसेवक आडवा येतो, ग्रामसेवकाने काही परस्पर करायचं ठरवलं तर सरपंच. दोघांनी हातमिळवणी केली तर मात्र गावाचं कल्याणच, पण तेव्हा निदान जबाबदार दोघेही धरले जातात. महापालिकेत ही दुसरी सही नाही. महापौरांच्या सहीने एक धनादेशही निघत नाही.

नागपुरात एकदा प्रयोग झाला होता

‘महापौरांना अधिकार द्या’ ही मागणी नवी नाही. १९९८ मध्ये, युती सरकारच्या काळात, मुंबई आणि नागपूर या दोन महापालिकांत ‘मेयर-इन-कौन्सिल’ पद्धत आणली गेली. कल्पना सोपी: मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळासारखे महापौर आणि त्यांची परिषद. कार्यकारी अधिकार त्यांच्याकडे, आयुक्त त्यांच्या हाताखाली. पण वर्षभराच्या आसपासच, १९९९ मध्ये, ती गुंडाळली गेली आणि जुनी रचना परत आली. प्रयोग चांगला होता की वाईट हे कळायला लागतो तेवढा वेळसुद्धा त्याला मिळाला नाही.

कोलकात्यात मात्र १९८० च्या कायद्याने आलेली हीच पद्धत आजही चालू आहे. तिथेही आयुक्त नेमलेलाच असतो. फरक इतकाच की तो महापौरांच्या देखरेखीखाली काम करतो.

मजेची गोष्ट म्हणजे १९९७ मध्ये विशीत नागपूरचे महापौर झालेले देवेंद्र फडणवीस पुढे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात थेट निवडणुकीचा प्रयोग झालाही, पण नगराध्यक्ष आणि सरपंच या पदांसाठी. २०१६ मध्ये नगराध्यक्ष आणि २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं. २०२० मध्ये महाविकास आघाडीने दोन्ही रद्द केलं. २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने दोन्ही परत आणलं. सहा वर्षांत तीन वेळा नियम बदलला. कुठली पद्धत बरी, यापेक्षा कुठली पद्धत आपल्या पक्षाला बरी, असा हिशेब झाला असावा अशी शंका यायला एवढं पुरेसं आहे.

उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशात महापौरही थेट निवडले जातात. पण थेट निवडून आल्याने आपोआप अधिकार येत नाहीत. लाखो मतं घेऊन आलेल्या महापौरांच्या हातात कायद्याने पेनच दिलं नसेल, तर खुर्ची मोठी होते, काम तेवढंच राहतं.

जेव्हा फक्त नेमलेलेच उरले

‘नगरसेवक हवेतच कशाला, अधिकारी चांगलं चालवतात की’ असं म्हणणारे कमी नाहीत. नागपूरने ते करून पाहिलंय, न मागता.

४ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. राज्यघटनेनुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले सर्वोच्च न्यायालयात अडकले. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, नंतर मुदत वाढवून दिली. अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. मधल्या जवळपास चार वर्षांत हजारो कोटींचं अंदाजपत्रक एकच अधिकारी मांडायचा आणि तोच मंजूर करायचा. स्थायी समिती तोच, सभागृह तोच. क्रॉफर्डच्या वेळची मुंबई, फक्त दीडशे वर्षांनी.

त्यातच २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांमध्ये शिरलं. तलावाखालच्या बांधकामांना परवानगी कोणी दिली, प्रवाह कोणी अडवला, असे प्रश्न विचारायला सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. प्रश्न विचारले गेले ते उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात, जनहित याचिकेतून. ज्याला वकील परवडतो किंवा ज्याच्या मागे रहिवाशांची संघटना उभी राहते, तो न्यायालयात जाऊ शकतो. बाकीच्यांसाठी नगरसेवक हाच सगळ्यात स्वस्त वकील असतो.

मग निवडायचं की नेमायचं?

कामाकडे पाहिलं तर गुंता बराच सुटतो. जन्मदाखला, सातबारा, घरपट्टीची आकारणी, बांधकाम परवाना या कामांत नियम ठरलेला असतो. अर्जदार कुठल्या पक्षाचा, कुठल्या जातीचा, याने फरक पडायला नको. इथे परीक्षा देऊन आलेला, आज आणि उद्या तोच नियम लावणारा माणूस हवा. तलाठी, ग्रामसेवक, महापालिकेतला कर निरीक्षक निवडणुकीने आणण्यात काही हशील नाही. पुढच्या निवडणुकीत पाडू, या भीतीने त्याने एखाद्याचं अतिक्रमण डोळ्याआड केलं तर शेजाऱ्याने कुठे जायचं?

नाला आधी बांधायचा की उड्डाणपूल, पाण्याचा दर वाढवायचा की नाही, बस कुठल्या वस्तीत न्यायची, यात मात्र नियम नसतो, निवड असते. ती करणाऱ्याला पाच वर्षांनी मत मागायला यावं लागलं पाहिजे.

अडचण आयुक्तपदाची आहे, कारण ते दोन्हीकडे पाय ठेवून उभं आहे. नियमही तेच लावणार आणि प्राधान्यही बऱ्याच अंशी तेच ठरवणार. त्यांना निवडणुकीला उभं करणं हा उपाय नाही. पण त्यांची नेमणूक आणि बदली एका फोनवर होत असेल, तर ते शहराचे अधिकारी न राहता सरकारचे माणूस होतात. ठरलेली मुदत खरोखर पाळणं, मुदतीआधी बदली केली तर कारण जाहीर करणं आणि अविश्वास ठरावानंतर किती दिवसांत निर्णय व्हायला हवा हे कायद्यात लिहिणं, या गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही. विधिमंडळाने ठरवलं तर नागपूरच्या एका हिवाळी अधिवेशनात होण्यासारखं काम आहे. फक्त ते केल्याने सत्तेत कोणीही असो, त्याच्या हातातली एक दोरी सुटते.

तोवर तुमचं काम अडलं असेल तर

तुमच्या खिडकीवरचा कर्मचारी निवडून आलेला नाही, म्हणजे त्याला जाब विचारता येत नाही असं नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित प्रत्येक सेवेसाठी किती दिवस लागतील, जबाबदार अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे करायचं, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. नागपुरात महापालिकेची दहा झोन कार्यालयं आहेत, तिथेही हाच नियम.

अर्ज दिला की पोचपावती घ्या, कारण दिवस तिथून मोजले जातात. मुदत उलटली किंवा कारण न देता अर्ज फेटाळला तर त्याच विभागातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं. अर्ज आणि अपील ‘आपले सरकार’ पोर्टलवरूनही करता येतं. दोष सिद्ध झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो आणि तो त्याच्या पगारातून वसूल होतो.